पुरावा कुणाला लागतो?



गेल्या वर्षी हिवाळा सुरू होता होता एका शनिवारी मी इंग्लंडच्या उत्तरेतल्या एका गावात दिवसभराच्या परिषदेला जाऊन आले. विषय होता व्हिक्टोरिया राणीच्या काळातले गुन्हे आणि डिटेक्टिव्ह. तुम्ही म्हणाल, प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बाईचं तिथे काय काम? तर झालं असं, की माझं संशोधन आर्सेनिकवरचं. विहिरींच्या पाण्यात आर्सेनिक किती आहे, ते कुठून येतं, हे मोजण्यात माझी वीस वर्षं गेली. आणि आर्सेनिक हे त्या काळातलं सगळ्यांत लाडकं विष. माझा एक सहकारी परिषदेत जेम्स मार्शच्या १८३६ सालच्या चाचणीवर बोलणार होता. 'चल, तुझ्याच विषाच्या गप्पा आहेत,' म्हणाला, म्हणून गेले. खरं सांगायचं तर चहाबरोबर चांगला केक मिळेल हाही हिशोब होता.

केक चांगला होता. वक्तेही चांगले होते, हे आधीच सांगते, कारण पुढे मी तक्रार करणार आहे आणि ती त्यांच्या अभ्यासाबद्दल नाही. सहा वक्ते होते. कुणी प्राध्यापक, एक निवृत्त पोलीस अधिकारी, एक कादंबरीकार. सभागृह भरलेलं होतं. बहुतेक श्रोते साठीच्या पुढचे, वह्या घेऊन आलेले, आणि प्रश्न असे विचारत होते की आमच्या विभागातल्या विद्यार्थ्यांनी शिकावं.

सकाळचं पहिलं भाषण रोड हिल हाउसच्या खुनावर होतं. १८६० साली विल्टशर परगण्यातल्या एका सुखवस्तू घरातून चार वर्षांचाही न झालेला सॅव्हिल केंट नावाचा मुलगा रात्रीत नाहीसा झाला आणि आवारातल्या संडासात त्याचा मृतदेह सापडला. लंडनच्या पोलीस दलात डिटेक्टिव्हांची शाखा १८४२ मध्ये निघाली तेव्हा तिच्यात अवघे आठ जण होते. त्यांतलाच एक, जॅक व्हिचर, तपासाला आला. त्याचा संशय गेला मुलाच्या सोळा वर्षांच्या सावत्र बहिणीवर, कॉन्स्टन्सवर. तिचा एक रात्रीचा झगा हरवला होता, त्यावर त्याची सगळी भिस्त. झगा मिळाला नाही. कॉन्स्टन्स सुटली आणि व्हिचरची मात्र अब्रू गेली. एका साध्या घरातल्या पोलिसानं सभ्य घरातल्या मुलीवर आळ घेतलाच कसा, असं वर्तमानपत्रं विचारू लागली. पाच वर्षांनी, १८६५ मध्ये, कॉन्स्टन्सनं स्वतःच गुन्हा कबूल केला.

वक्त्यांनी यातून मुद्दा काढला तो मला पटला. व्हिचरचा संशय बरोबर होता, तरीही न्यायालयानं तिला सोडलं हेही बरोबरच होतं. संशय म्हणजे पुरावा नव्हे. त्या काळानं जगाला डिटेक्टिव्ह दिला तो याच अर्थानं. गुन्हा कुणी केला हे माणसाची जात-पात, चेहरा, वागणं यावरून ठरवायचं नाही, तर झगा, ठसा, राख, विष अशा वस्तूंवरून ठरवायचं. माझ्यासारखीला हे ऐकून बरं वाटणारच. मार्शची चाचणी हेच करते. संशयित नमुन्यात जस्त आणि आम्ल घालायचं, निघालेला वायू तापलेल्या काचनळीतून सोडायचा. आर्सेनिक असेल तर नळीवर काळा चकचकीत थर धरतो, नसेल तर नाही. नळीला बाई कशा चालीची आहे हे कळत नाही.

जेवणाआधी व्हाइटचॅपेलवर भाषण झालं. १८८८ सालचे ते खून आणि तो कधीच न सापडलेला खुनी. मला वाटलं, आता पुन्हा तो खुनी कोण यावर एक तास. पण वक्तीनं सगळा वेळ मारल्या गेलेल्या बायकांना दिला. हॅली रुबेनहोल्ड या इतिहासकार बाईंचं २०१९ साली आलेलं पुस्तक तुमच्यापैकी काहींनी वाचलं असेल. त्या पाचजणी वेश्या होत्या असं एकशे तीस वर्षं सगळे लिहीत आले, पण त्यांतल्या तिघींबाबत तसा पुरावाच नाही, असं त्यांचं म्हणणं. गरीब होत्या, रात्री रस्त्यावर होत्या, दारू प्यायच्या, एवढ्यावर पोलिसांनी आणि पत्रकारांनी ठरवून टाकलं. म्हणजे परिषदेतले लोक काही जुन्या चाकोरीत अडकलेले नाहीत. ज्यांना कुणी विचारलं नाही त्यांना विचारायला ते शिकलेत. म्हणूनच दुपारी जे घडलं त्यानं मी अस्वस्थ झाले.

दुपारचं भाषण फ्लॉरेन्स मेब्रिकवर होतं. खटला १८८९ चा, लिव्हरपूलचा. नवरा कापसाचा व्यापारी, वयानं बराच मोठा. बायको सव्वीस वर्षांची अमेरिकन. नवरा आजारी पडून मेला. घरात माश्या मारायचे कागद भिजत घातलेले आढळले, त्यात आर्सेनिक असतं. पण नवऱ्याला स्वतःलाच आर्सेनिक खायची सवय होती, शरीरात सापडलेलं आर्सेनिक मारायला पुरेल इतकं नव्हतं, आणि तो कशानं मेला यावर डॉक्टरांचंच एकमत होईना. फ्लॉरेन्सचं मात्र एका दुसऱ्या पुरुषाशी प्रकरण होतं. न्यायमूर्तींनी ज्यूरीसमोर दोन दिवस समारोपाचं भाषण केलं आणि त्यात या प्रकरणावर फार भर दिला. ज्यूरीनं पाऊण तासाच्या आत दोषी ठरवलं. फाशी झाली नाही, जन्मठेप झाली. ती १९०४ मध्ये सुटली. तेव्हा इंग्लंडात फौजदारी अपिलाचं न्यायालयच नव्हतं. ते १९०७ मध्ये आलं, आणि त्यासाठी रेटा देणाऱ्या खटल्यांत हाही एक होता.

वक्तीनं अगदी तळमळीनं सांगितलं, की या बाईला विषाच्या पुराव्यावर नव्हे, चारित्र्यावर शिक्षा झाली. आणि मग पडद्यावर न्यायमूर्तींचं चित्र आलं. भलं मोठं डोकं, कल्ले, करडी नजर. सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. म्हातारपणी त्यांची बुद्धी ढळत चालली होती, दोन वर्षांनी त्यांना पद सोडावं लागलं, असं सांगून वक्ती पुढे गेली.

माझा हात तेव्हाच वर गेला.

हे स्टीफन आपल्या ओळखीचे आहेत हो! १८६९ च्या अखेरीपासून १८७२ पर्यंत ते कलकत्त्यात व्हाइसरॉयच्या मंडळात कायदा खात्याचे सदस्य होते. १८७२ चा भारतीय पुरावा कायदा त्यांनी लिहिला. भारतात तो २०२४ च्या जुलैपर्यंत चालू होता, आणि त्याच्या जागी आलेल्या नव्या कायद्याचा सांगाडाही बराचसा तोच आहे. माझे काका वकील होते, त्यांच्या टेबलावर ते पुस्तक कायम असायचं. त्या कायद्यात एक तत्त्व स्पष्ट लिहिलेलं होतं. फौजदारी खटल्यात आरोपी वाईट चालीचा आहे, ही गोष्ट गैरलागू. आरोपीनंच आपल्या चांगल्या चालीचा पुरावा दिला तरच ती काढता येईल. म्हणजे मेब्रिकच्या खटल्यात जे व्हायला नको होतं, ते होऊ नये असा नियम याच गृहस्थांनी सतरा वर्षं आधी आपल्या देशासाठी लिहून ठेवला होता.

पण त्याच्या एकच वर्ष आधी, १८७१ च्या ऑक्टोबरात, ते त्याच खुर्चीवर असताना आणखी एक कायदा मंजूर झाला: गुन्हेगार जमाती कायदा. त्यात काय होतं? प्रांतिक सरकारला वाटलं की अमुक जमात, टोळी किंवा वर्ग गुन्हे करायला सोकावलेला आहे, की त्यानं वर कळवायचं. वरून मंजुरी आली की राजपत्रात घोषणा करायची. घोषणा झाली की ती जमात गुन्हेगार. त्या घोषणेला कुठल्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही, असं कायद्यातच लिहिलेलं. मग त्या लोकांची पोलिसात नोंद, ठरल्या वेळी हजेरी, गाव सोडायचं तर परवाना, आणि नियम मोडला तर कैद, दंड, फटके. कुणी काय केलं, कधी केलं, कुणी पाहिलं, यातलं काहीही विचारायची गरज नाही. जन्म हाच पुरावा.

गंमत बघा (गंमत कसली म्हणा), त्याच सुमारास इंग्लंडातही सराईत गुन्हेगारांसाठी कायदे झाले, १८६९ आणि १८७१ मध्ये. त्यांवरही बरीच टीका झाली. पण तिथे नोंद व्हायची ती शिक्षा झालेल्या माणसाची. आधी खटला, मग दोष सिद्ध होणार, मग नोंद. भारतात पाळण्यातल्या पोरावर शिक्का. तेच साम्राज्य, तेच वर्ष, तीच भाषा, आणि दोन प्रकारची माणसं: एक, ज्यांच्याविरुद्ध पुरावा लागतो, दुसरी, ज्यांच्याविरुद्ध लागत नाही.

हे मी सभेत एवढं लांबण लावून सांगितलं नाही. दोन वाक्यांत सांगितलं आणि विचारलं, की स्टीफनसाहेबांचं म्हातारपण हे कारण पुरेसं आहे का? चारित्र्यावरून माणूस दोषी ठरवता येतो ही कल्पना त्यांना १८८९ मध्ये अचानक सुचली, की ती त्यांच्या काळाच्या खिशातच होती?

वक्ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, प्रश्न फार रास्त आहे, पण तो साम्राज्याच्या इतिहासाचा विषय; आज आपण इथल्या गुन्ह्यांबद्दल बोलतो आहोत. लोकांनी माना डोलावल्या. पुढचा प्रश्न माश्या मारायच्या कागदांवर होता.

आता, तिचं उत्तर सर्वस्वी चूक होतं असं मी म्हणणार नाही. एका दिवसात सगळं येत नाही. आपल्या संमेलनांत तरी कुठे येतं? पण 'इथलं' आणि 'तिथलं' ही वाटणी डिटेक्टिव्हांच्या बाबतीत टिकतच नाही. विल्की कॉलिन्सची 'द मूनस्टोन' ही १८६८ ची कादंबरी घ्या. इंग्रजी डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांची ती आजीच. तिच्यातला हिरा श्रीरंगपट्टणच्या लुटीतला आहे. इंग्लंडातल्या घरातून तो चोरीला जातो तेव्हा गावात आलेल्या तीन हिंदूंना धरतात. चोरीच्या वेळी ते घरात नव्हते हे सिद्ध होतं, तरी कायद्याची काहीतरी पळवाट काढून त्यांना आठवडाभर कोठडीत ठेवतात. हिरा चोरलेला असतो घरच्याच माणसांमधून. कॉलिन्सला हे कळलं होतं, १८७१ च्या तीन वर्षं आधी.

किंवा बोटांचे ठसे घ्या. निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांच्या भाषणात ठशांची गोष्ट सुरू झाली ती १९०१ मध्ये, स्कॉटलंड यार्डात. पण त्याच्या आधी १८५८ मध्ये बंगालमध्ये विल्यम हर्शेलनं एका कंत्राटावर राज्यधर कोनाई नावाच्या माणसाच्या पंजाचा ठसा घेतला होता. कलकत्त्यात एडवर्ड हेन्रीच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांनी ठशांचं वर्गीकरण बसवलं. दहा बोटांवरून १०२४ कप्पे, म्हणजे हजारो कागदांतून एक कागद मिनिटांत काढता येईल अशी सोय. यातलं गणित हकांचं होतं. १८९७ मध्ये हिंदुस्थान सरकारनं ती पद्धत स्वीकारली, तिथून ती लंडनला आली आणि हेन्रींच्या नावानं जगभर गेली. शास्त्रज्ञ म्हणून मला या दोघांचा अभिमान वाटतो, आणि त्यांचं नाव न घेता ती गोष्ट सांगितली गेली याचा रागही येतो.

पण तिथेच थांबले तर मीही अर्धीच गोष्ट सांगितली असं होईल. कारण ठसा म्हणजे काय? हा माणूस हाच, दुसरा कुणी नव्हे, याची खूण. एका माणसाला गर्दीतून वेगळं काढणारी गोष्ट. १९११ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा मुंबई इलाख्यासह सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू करता येईल असा झाला, आणि त्यात जमातींतल्या माणसांचे ठसे घ्यायची तरतूद आली. ज्यांच्यावर कधी खटलाही झाला नाही, अशांचे. माणूस वेगळा ओळखण्याचं साधन माणसांना एका गठ्ठ्यात बांधायला वापरलं. सोलापूरकडच्या वाचकांना 'सेटलमेंट' हा शब्द सांगायला नको. तारेचं कुंपण, हजेरी, दिवसा गिरणीत काम. काही जण आजही त्या भागाला त्याच नावानं ओळखतात.

एक शास्त्रीय मुद्दा सांगते, कंटाळू नका. मी जर एका जिल्ह्यातल्या फक्त पूर्वेकडच्या विहिरी तपासल्या, तर मला आर्सेनिक फक्त पूर्वेलाच सापडेल. मग मी अहवालात लिहीन, पूर्वेला आर्सेनिक आहे. पुढच्या वर्षी त्या अहवालाच्या आधारे पुन्हा पूर्वेच्याच विहिरी तपासायला जाईन. आकडे दरवर्षी वाढतील, पश्चिमेचे लोक निवांत विष पीत राहतील. विद्यार्थ्यानं असा अभ्यास केला तर मी त्याला परत पाठवते. दीडशे वर्षं पोलिसांनी असाच अभ्यास केला, आणि त्याच्या निष्कर्षाला आपण 'अनुभव' म्हणतो.

'आपण' म्हटलं, ते उगाच नाही. आता घरची गोष्ट सांगते. ही मी आजवर कुठे लिहिली नाही.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी वाढले. मी नऊ-दहा वर्षांची असताना आत्याच्या लग्नाच्या गडबडीत आजीची बोरमाळ सापडेना. घर पाहुण्यांनी भरलेलं. आजोबा निवृत्त शिक्षक, खादी घालणारे, घरात साने गुरुजींची सगळी पुस्तकं. ते पोलिसांत गेले. 'कुणावर संशय?' असं विचारलं तेव्हा त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही, एवढं खरं. पण गावाबाहेर माळावर पारध्यांची चार पालं पडली होती, आणि पोलिसांना नाव लागलंच नाही. त्याच संध्याकाळी तिथल्या एका माणसाला नेलं.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको आमच्या दारासमोरच्या लिंबाखाली येऊन उभी राहिली. कडेवर पोर. आजोबा बाहेर आले तेव्हा म्हणाली, 'अण्णा, माझ्या माणसाला मारत्यात वो. तुमी येकदा जाऊन सांगा.' आजोबा म्हणाले, 'पोलीस बघतील, बाई. निरपराध असेल तर सुटेल.' ती बराच वेळ उभी होती. मी खिडकीतून बघत होते. आईनं मला आत ओढलं.

लग्न पार पडलं. आठवड्याभरानं तांदळाची कोठी उपसताना तळाशी बोरमाळ मिळाली. फडक्यात बांधलेली. एवढ्या पाहुण्यांत नको म्हणून आजीनंच ठेवली होती आणि धांदलीत विसरली होती. घरात आनंदीआनंद. बाबा म्हणाले, ठाण्यावर जाऊन सांगायला पाहिजे. आजोबा थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, 'सुटला असेल एव्हाना. आता सांगून आपलीच शोभा.' कुणी गेलं नाही. आम्ही मुलं माळावर गेलो तेव्हा पालं उठलेली होती, चुलीचे दगड तेवढे होते.

आजोबा दुष्ट नव्हते. माझं शिक्षण त्यांच्याच हट्टामुळे झालं. म्हणूनच ही गोष्ट मला टोचते. आमच्याच जातीच्या शेजाऱ्यावर कुणी असा आळ घेतला असता तर 'पुरावा काय?' असं विचारणारे पहिले आजोबाच असते. पारध्याच्या बाबतीत तो प्रश्न त्यांना सुचलाच नाही. स्टीफनसाहेबांच्या एका हातात पुरावा कायदा आणि दुसऱ्या हातात गुन्हेगार जमाती कायदा होता. आमच्या घरीही तसंच होतं. साहेबांनी आपल्या फौजदारी कायद्याच्या इतिहासात हिंदुस्थानातल्या एका अनुभवी अधिकाऱ्याचं मत नोंदवलं आहे. पोलीस कैद्यांना छळतात ते मुख्यतः आळसानं, पुरावा शोधायची पायपीट नको म्हणून. आमच्या गावात तर पायपीट सोडाच, तांदळाची कोठीसुद्धा कुणी उपसली नाही.

कुणी म्हणेल, झालं गेलं, जुनी गोष्ट. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, त्या जमाती 'विमुक्त' झाल्या. हो, झाल्या. पण मुंबई राज्यानं १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा केला, इतर राज्यांनीही केले, आणि पोलिसांच्या मनातली यादी तशीच राहिली. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' १९८० मध्ये आलं, लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' १९८७ मध्ये. आमच्या घरी दोन्ही होती. आजोबांनी ती वाचून वाहवाही केली. १९९८ मध्ये बंगालमधल्या पुरुलियात बुधन सबर हा तरुण पोलिसांच्या ताब्यात मेला. महाश्वेता देवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी त्यानंतर विमुक्तांच्या हक्कांसाठी गट उभा केला. आणि अगदी अलीकडे, ३ ऑक्टोबर २०२४ ला, सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की तुरुंगांच्या नियमावल्यांत विमुक्त जमातींना जन्मानं सराईत गुन्हेगार धरणारी जी कलमं आहेत ती घटनाबाह्य आहेत. ही याचिका सुकन्या शांता या पत्रकार बाईंनी केली होती. स्टीफन जाऊन एकशे तीस वर्षं झाली, आणि कलमं नियमावलीत होती.

आणि इथे, परदेशात? आपल्या मंडळाच्या दिवाळीला मागे एकानं सांगितलं, त्यांच्या गावाशेजारच्या मैदानात फिरस्त्यांच्या गाड्या येऊन थांबल्यात, आता सायकली आत घ्यायला हव्यात. सगळे हसले. मीही हसले. इथले फिरस्ते म्हणजे जिप्सी आणि ट्रॅव्हलर, पिढ्यान्‌पिढ्या गाड्यांतून राहणारे. त्यांच्याबद्दल आपण जे बोलतो ते शब्दन्‌शब्द आमच्या गावात पारध्यांबद्दल बोललं जायचं. एखाद्या दुकानात रखवालदार आपल्या मागे मागे फिरला तर आपण आठवडाभर ती गोष्ट सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण आपण इंग्रजांकडून कायद्याचं राज्य शिकलो असं अभिमानानं म्हणताना त्यातला दुसरा धडाही आपण तोंडपाठ केला आहे, हे कबूल करायला हवं. काही धडा तर त्यांच्या आधीपासूनच आपल्याकडे होता. माणूस कुठल्या जातीत जन्मला यावरून तो काय करील हे सांगायला आपल्याला स्टीफनची गरज नव्हती. साहेबांनी आपल्या समजुतीला राजपत्राचा शिक्का दिला, एवढंच.

मला काय हवं आहे? पुतळे पाडायचे नाहीत, परिषदा बंद पाडायच्या नाहीत. मी पुढच्या वर्षीही जाणार आहे. चहाच्या वेळी ती मेब्रिकवाली वक्ती स्वतःहून माझ्याकडे आली, कार्यक्रमपत्रिकेच्या मागे कायद्याचं नाव आणि साल लिहून घेतलं, आणि म्हणाली, 'मी वाचते. पुढच्या वेळी तुम्ही बोला ना.' मी म्हटलं, मी आर्सेनिकवर बोलते. यावर बोलायला त्या समाजांतले अभ्यासक आणि लेखक आहेत, त्यांना बोलवा. आणि हे बोलताना माझ्याच लक्षात आलं, की आपल्या मंडळानंही इतक्या वर्षांत त्यांच्यातल्या एकालाही व्यासपीठावर बोलावलेलं नाही. गायक बोलावले, नट बोलावले, पाककृतीवाल्या बाई बोलावल्या. तेव्हा पहिली सूचना आपल्यासाठीच: येत्या ३१ ऑगस्टला, विमुक्त दिनाला, एका विमुक्त लेखकाला किंवा कार्यकर्त्याला बोलावू या. भाड्याच्या खर्चात माझा वाटा मी आताच कबूल करते.

दुसरी सूचना त्याहून सोपी आणि बिनखर्चाची. पुढच्या वेळी कुणी, घरात, मंडळात, व्हॉट्सॲपवर, 'ते लोक तसलेच' म्हणालं, की मार्शच्या नळीसारखं वागायचं. एकच प्रश्न विचारायचा: पुरावा काय?

परिषदेहून परत आल्यावर मी बाबांना फोन केला. ते आता ऐंशीच्या घरात आहेत. बोरमाळेची आठवण काढली. त्यांना सगळं आठवत होतं, कोठी, फडकं, लिंबाखालची बाई. मी विचारलं, 'बाबा, त्या माणसाचं नाव काय होतं हो?'

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'कुणी विचारलंच नव्हतं गं.'

तुमच्याही घरी अशी एखादी बोरमाळ असेल, तर जरूर लिहा.